हवेची सांगड : एका जोडनावेची परीक्षा

विद्यार्थिमित्रहो, 'सांगड घालणें' हा वाक्प्रचार तुम्ही निबंधांत वारंवार वापरतां. परंतु सांगड ही मूळची काय वस्तु आहे असें वर्गांत विचारलें, तर बहुधा सर्व बांकांवर शांतता पसरते. दोन ओंडके, दोन होड्या किंवा सुकलेले भोपळे एकमेकांस बळकट बांधून नदी उतरण्यासाठीं जें साधन पूर्वीं करीत, तें सांगड. इंग्रजींत ज्या नौकेस 'कॅटामरान' म्हणतात ती जातीनें हीच होय. तो शब्द तमिळ भाषेंतील 'कट्टुमरम्' यावरून गेला आहे. कट्टु म्हणजे बांधणें व मरम् म्हणजे लांकूड. मात्र चोळमंडळाच्या किनाऱ्यावरील कट्टुमरम् हा नुसता ओंडक्यांचा ताफा असे, आणि आजची कॅटामरान म्हणजे मध्यें मोकळी जागा ठेवून जोडलेल्या दोन नावा. म्हणजे शब्द तमिळांचा, पण वस्तु आपल्या सांगडीच्या अधिक जवळची. कोंकणांतील होडीस एका बाजूनें उलांडी जोडलेली असते. तिचेंही तत्त्व याहून फार निराळें नाहीं. बूड अरुंद ठेवावयाचें, आणि उलटण्याची भीति दुसऱ्या कांहीं उपायानें घालवावयाची.

हवा भरून तरण्याची युक्तीही जुनीच आहे. पंजाबांत सतलज व बियास या नद्या फुगविलेल्या मशकांवर पालथें पडून ओलांडीत असत. ख्रिस्तपूर्व नवव्या शतकांतील अश्शूरी शिल्पांत फुगविलेलीं कातडीं उराशीं धरून पोहणारे लोक कोरलेले आहेत. कापडावर रबराचा लेप देण्याची रीति चार्ल्स मॅकिंटॉश यानें १८२३ सालीं पेटंट केल्यावर कातड्याची गरज संपली. १८४० च्या दशकांत इंग्रज आरमारांतील पीटर हाल्केट नांवाच्या अधिकाऱ्यानें अंगावर पांघरावा असा झगा व फुगविली असतां नाव, अशी दुहेरी उपयोगाची वस्तु तयार केली. फ्रान्समध्यें झोडियाक कारखान्यांतील प्येर दब्रुतेल यानें १९३४ च्या सुमारास हवेच्या नळ्यांची नाव सिद्ध केली. आणि १९५२ सालीं आलें बोंबार हा डॉक्टर अवघ्या साडेचार मीटरांच्या अशाच नावेंतून एकटा अटलांटिक महासागर ओलांडून बार्बाडोस बेटास पोंचला. नावेच्या मागें बाहेरून टांगावयाचें इंजिन, ज्यास आउटबोर्ड म्हणतात, तें अमेरिकेंतील ओले एव्हिनरूड यानें १९०९ पासून बाजारांत आणलें व लोकप्रिय केलें. इतका इतिहास आपल्या कामास पुरे.

आतां प्रस्तुत विषयाकडे वळूं. आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी कृष्णाकांठच्या आपल्या गांवीं शेती करतो. २०१९ च्या ऑगस्टांत सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं पाणी ५७ फुटांवर गेलें, तेव्हां त्याचें गांव पाण्यानें वेढलें होतें. त्याच महापुरांत ८ ऑगस्ट रोजीं पलूस तालुक्यांतील ब्रह्मनाळ येथें गांवकऱ्यांना घेऊन निघालेली, प्रमाणाबाहेर भरलेली नाव उलटली आणि कित्येक माणसें बुडालीं. ती वार्ता आपणां सर्वांच्या स्मरणांत आहे. तेव्हांपासून या गृहस्थाच्या मनानें घेतलें होतें कीं, गांवांत एक लहानशी, दोघांनीं उचलून नेतां येईल अशी नाव असावी. २०२४ च्या पावसाळ्यानंतर वर्गणी करून त्यानें हवा भरावयाची एक जोडनाव व सहा अश्वशक्तीचें आउटबोर्ड इंजिन घेतलें, आणि ऑक्टोबराच्या सुट्टींत तें सर्व एका टेंपोंत घालून तो माझ्याकडे आला. "सर, हिच्यावर पांच माणसें व ५०० किलो असें छापलें आहे. पुरांत हिच्यांत किती बसवावीं तें मला तपासून पाहिजे," असें तो म्हणाला.

मला या प्रश्नाचा फार आनंद झाला. विकणारा सांगतो तें खरें मानून स्वस्थ बसणारे विद्यार्थी शाळेंतून पुष्कळ बाहेर पडतात, विचारणारा क्वचित्.

नाव ३.४ मीटर लांब. दोन्ही बाजूंस पीव्हीसी कापडाची एकेक नळी, व्यास ४२ सेंटीमीटर; मध्यें हवेचाच कठीण तळ, आणि मागें इंजिन अडकविण्यासाठीं आडवी फळी. नावेचें वजन ३८ किलो, इंजिनाचें २७. दहावीच्या मुलांस मीं प्रथम कागदावरच काम दिलें. नळीच्या तोंडाचें क्षेत्रफळ काढा, लांबीनें गुणा. एका नळीचें घनफळ ०.४७ घनमीटर निघालें, दोहोंचें ०.९४. आर्किमिडीजच्या नियमानें ही नाव पूर्ण बुडेपर्यंत सुमारें ९४० किलो पाणी बाजूस सारील. नळ्यांचीं टोकें निमुळतीं असतात म्हणून थोडें कमी धरा, ९०० म्हणा. "मग ५०० च कां छापलें, सर?" असें एकानें विचारलें. त्याला मीं उलट विचारलें कीं, गळ्यापर्यंत पाण्यांत उभें राहून तूं किती वेळ श्वास घेशील? लाट आली कीं संपलें. नावेचा बराचसा भाग पाण्यावर राहिला पाहिजे. तोच तिचा श्वास होय. तेव्हां ५०० हा आंकडा कागदावर खोटा नव्हता. हें मुद्दाम सांगतों, कारण पुढें मीं त्याच्याविरुद्ध बोलणार आहें.

आणखी एका मुलाचा प्रश्न असा कीं, हवा अधिक दाबून भरली तर नाव अधिक तरंगेल काय? पुष्कळ मोठ्या माणसांचाही असाच समज असतो. तरणें हें पाणी किती जागेंतून बाजूस सारलें यावर अवलंबून आहे, आंत हवा किती कोंबली यावर नव्हे. दोन्ही नळ्यांतील सर्व हवेचें वजन सव्वा किलोच्या आसपास भरतें. ती आणखी दाबली तर नाव किंचित् जडच होईल. मग दाब हवा कशाला? ताठपणासाठीं. सैल नळीची नाव माणूस मध्यें बसला कीं विळ्यासारखी वांकते, आणि वांकलेली नाव पाणी कापीत नाहीं, ढकलीत बसते.

हा दाबच आम्हांस पहिल्या दिवशीं चकवून गेला. नळ्यांत बाहेरच्या हवेपेक्षां ०.२५ बार अधिक दाब ठेवावा असें नावेवर लिहिलें होतें. आम्हीं सकाळीं दहाच्या सुमारास उन्हांतल्या वाळूवर नाव पसरून यंत्र लावून बरोबर तितका भरला, आणि पाण्यांत उतरविल्यावर पाहतों तों नळ्या दबूं लागलेल्या. भोंक पडलें म्हणून मुलें साबणाचें पाणी लावून बुडबुडे शोधूं लागलीं. बुडबुडा एकही निघेना. अर्धा तास असा गेल्यावर माझ्या ध्यानांत आलें कीं, जो नियम मीं दरवर्षीं फळ्यावर लिहितों तोच समोर उभा आहे. वाळूवर नळींतली हवा चाळीस अंशांपर्यंत तापली होती. नदीचें पाणी सव्वीस अंश. घनफळ कायम असतां दाब हा निरपेक्ष तपमानाच्या प्रमाणांत असतो. आपलें गांव समुद्रसपाटीहून उंच असल्यामुळें बाहेरचा दाब ०.९५ बार, त्यांत आपला ०.२५ मिळून १.२० झाला. याला २९९ नें गुणा, ३१३ नें भागा; १.१५ येतें. म्हणजे उरला ०.२० बार. एक पंचमांश दाब कोणी न चोरतां गेला! याच्या उलटही होतें, आणि तें अधिक वाईट. सकाळच्या गारव्यांत चोवीस अंशांस भरलेली नाव दुपारीं उन्हांत कांठावर ठेवली व आंतली हवा चौपन्न अंशांस गेली, तर दाब ०.३७ होतो आणि शिवणीवर ताण येतो. म्हणून नाव पाण्यांत थोडी थंड होऊं द्यावी व मग पंपानें दाब पुरा करावा. आणि कांठावर काढल्यास सावलींत ठेवावी किंवा थोडी हवा सोडावी.

भार तपासण्यासाठीं मुलांना बसवावें अशी मुलांचीच फार इच्छा होती. मीं ती मानली नाहीं. वाळूचीं पोतीं बुडालीं तर कोणाची आई रडत नाहीं. वीस किलोंचीं तेरा पोतीं, म्हणजे चार माणसांचें २६० किलो वजन, कांठाजवळच्या संथ पाण्यांत नाव बांधून तिच्यांत रचलें. इंजिन व बारा किलोंची तेलाची टांकी धरून एकूण ३३७ किलो झालें. हिशेबानें नळ्या १६ सेंटीमीटर बुडावयास पाहिजे होत्या. पट्टी लावली तेव्हां पुढें १४ व मागें २० निघाल्या. सरासरी हिशेबाच्या जवळच आहे, पण सरासरीनें कोणी बुडत नाहीं, कोपऱ्यानें बुडतो. इंजिनाच्या ओझ्यानें मागचीं टोकें खालीं गेलीं होतीं. मग तींच तेरा पोतीं एका नळीवर ओढलीं. ती नळी ४२ पैकीं जवळजवळ २५ सेंटीमीटर बुडाली आणि दुसरी बहुतेक पाण्याबाहेर आली. तथापि नाव उलटली नाहीं. दोन नळ्यांमधील अंतराचा हा प्रताप. साध्या अरुंद होडींत असें केलें असतें तर पोतीं तळाशीं शोधावीं लागलीं असतीं.

परंतु पोतें आडवें पडून राहतें, माणूस उभा राहतो. हें विसरूं नये. बसलेल्या माणसाचा भार नळीच्या उंचीवर असतो, उभ्या माणसाचा त्याहून हातभर वर. जोडनावेचा एक दुर्गुण असा कीं, ती पुष्कळ वेळ मुळीच डगमगत नाहीं, त्यामुळें बसणाऱ्याला धीट करते. आणि एकदां मर्यादा ओलांडून उलटली कीं पाठीवर पडलेल्या कासवाप्रमाणें तशीच स्थिर राहते. तिला सरळ करणें चार माणसांनाही जड जातें.

नळ्यांचे आंत पडदे घालून चार कप्पे केलेले आहेत. इंजिन काढून एका मागच्या कप्प्याची हवा आम्हीं मुद्दाम सोडून पाहिली. तो कोपरा खालीं गेला, दोन पोतीं ओलीं झालीं, पण नाव तरली. याविषयीं मला अधिक सांगण्यासारखें कांहीं नाहीं, परीक्षा उत्तीर्ण.

दुसऱ्या दिवशीं वेगाची परीक्षा. परवानगी रीतसर काढली होती. सर्वांच्या अंगांत लाइफ जॅकेट, आणि मुलें फक्त कांठावर. कांठालगत ३०० मीटरांवर दोन खांब रोवले. प्रत्येक खांबापाशीं दोन मुलें, एक घड्याळावर व एक निशाणावर. नदीला ओढ होती, म्हणून प्रत्येक फेरी एकदां प्रवाहाबरोबर व एकदां प्रवाहाविरुद्ध करावयाची.

आमचा माजी विद्यार्थी एकटा बसला तेव्हां खालीं जाण्यास ४४ सेकंद लागले, वर येण्यास ५६. एका चतुर मुलानें ताबडतोब उत्तर दिलें, "सहाशें मीटर, शंभर सेकंद, वेग सेकंदास सहा मीटर." आंकडा इतका गोड कीं कोणालाही खरा वाटावा. पण तो चूक आहे. नाव प्रवाहाविरुद्ध अधिक वेळ झगडते, म्हणून वेळांची बेरीज करून भागलें तर संथ बाजूला अधिक वजन मिळतें. दोन वेग निरनिराळे काढा: ६.८२ व ५.३६. त्यांची सरासरी ६.०९, म्हणजे ताशीं २१.९ किलोमीटर. त्यांच्या फरकाचें अर्ध ०.७३, तो नदीचा वेग. "एवढ्यानें काय बिघडलें, सर?" असें तो मुलगा जरा हिरमुसून म्हणाला. मीं म्हटलें, थांब, जड नाव येऊं दे.

मग मी बसलों. माझें वजन सत्तर किलो. नाव निघाली ती नाक वर करून. इंजिन ओरडतें आहे, मागें पाण्याचा डोंगर, आणि वेग कांहीं वाढत नाहीं. चालकानें मला हातानें पुढें सरकण्याची खूण केली. मी दोन हात पुढें सरकलों मात्र, नाक खालीं आलें आणि नाव एकदम हलकी होऊन पाण्यावरून घसरूं लागली. याचें कारण समजून घ्या. पाणी कापीत जाणारी नाव आपल्याबरोबर एक लाट निर्माण करते. लाट जितकी लांब तितका तिचा वेग अधिक. नाव वेग घेऊं लागली कीं लाटेची लांबी वाढत वाढत नावेच्या लांबीइतकी होते. त्या क्षणीं नाव आपल्याच लाटेच्या खळग्यांत बसते व पुढचा उतार तिला चढावा लागतो. पाण्याशीं टेकलेली ३.२ मीटर लांबी धरली तर हा अडथळ्याचा वेग सेकंदास २.२ मीटर, ताशीं आठ किलोमीटर. ज्या नावेला शक्ति पुरते ती हा उंबरठा ओलांडून लाटेच्या डोक्यावर चढते. मग तिला उचलून धरण्याचें बरेंच काम पाण्याचा उलटा मार करतो. शक्ति न पुरली तर ती उंबरठ्यावरच अडखळते. बारीक लांबट बूड असेल तर लाट लहान उठते, म्हणून जोडनावेला हा उंबरठा थोडा ठेंगणा असतो. नोहाच्या तारवाचें माप उत्पत्तीच्या पुस्तकांत ३०० हात लांब व ५० हात रुंद दिलें आहे, म्हणजे सहास एक. आमची एकेक नळी आठास एक. अर्थात् तारूं कोठें वेगानें जाण्यासाठीं बांधलेलें नव्हतें, हें आमच्या वर्गांतल्या एका मुलीनें मला लगेच ऐकविलें.

दोघांचे वेळ ५६ व ७७ सेकंद. वेग सेकंदास ४.६ मीटर.

याच फेरींत एक प्रकार घडला तो लपविण्यांत अर्थ नाहीं. वरच्या खांबापाशीं चालकानें नाव जोरानें वळविली. आंतली नळी वर उचलली गेली, दोन नळ्यांच्या मधल्या बोगद्यांतून फेसाळलेलें, हवेनें भरलेलें पाणी पंख्याकडे आलें, आणि पंख्यानें पाण्याऐवजीं हवा घेतली. इंजिनाचा ओझ्यावरचा ताबा सुटून तें किंचाळलें. नाव एकदम थांबली आणि आम्ही दोघे थांबलों नाहीं. मी पुढें नळीवर आपटलों. चालक हात सुटून बाजूला कोलमडला. त्याच्या मनगटास बांधलेली तांबडी दोरी ओढली गेली व इंजिन बंद पडलें. ही दोरी इंजिनाच्या खटक्यास अडकविलेली असते. ती सुटली कीं ठिणगी तुटते. सकाळीं ती बांधण्यास तो कंटाळा करीत होता, आणि मीं, मास्तरी स्वभावामुळें, तीनदां सांगून बांधविली होती. ती नसती तर माणूस पाण्यांत व पंखा फिरता, अशी गत झाली असती. असल्या चालकावांचूनच्या नावा बहुधा वर्तुळांत फिरून पडलेल्या माणसाकडेच परत येतात.

इंजिन पुन्हा सुरू करण्यास चाळीस सेकंद लागले. तेवढ्यांत आम्ही तीस मीटर खालीं वाहत गेलों. हा आंकडा मीं वहींत लिहून ठेवला.

कांठावर येऊन पाहिलें तों इंजिन फळीवर वाजवीपेक्षां वर बसविलेलें होतें. पंख्याच्या वर एक आडवा पत्रा असतो. हवा वरून ओढली जाऊं नये हें त्याचें काम. तो नावेच्या तळाच्या बरोबरीनें किंवा किंचित् खालीं असावा, आणि जोडनावेंत तर खालींच, कारण तिच्या बोगद्यांत फेस असतोच. फळीवर ठेवलेली लांकडी पट्टी काढून इंजिन तीन सेंटीमीटर खालीं घेतलें. पुन्हा वळणें घेतलीं, हळू व जोरानें. ओरडणें पुष्कळ कमी झालें, अगदीं गेलें असें म्हणवत नाहीं.

शेवटची फेरी भाराची : आम्ही दोघे आणि १३० किलो वाळू, म्हणजे चार माणसें. चालकानें हँडल पूर्ण पिळलें, मी शक्य तितका पुढें सरकलों, पण नाव वर चढेना. खालीं जाण्यास ९७ सेकंद, वर येण्यास १७८. मघाच्या मुलाला बोलावलें. त्याच्या रीतीनें वेग येतो २.१८, खरा वेग ३.०९ व १.६९ यांची सरासरी, २.३९. आतां शेंकडा नऊ जवळजवळ चूक झाली. तो कांहीं न बोलतां वहींत खोडून लिहूं लागला, यांत मला समाधान आहे.

ताशीं ८.६ किलोमीटर, म्हणजे वर सांगितलेल्या उंबरठ्याच्या अगदीं आसपास. एक माणूस असतां बावीस आणि चार असतां साडेआठ! मधल्या तीन माणसांनीं नावेला केवळ खालीं दाबलें नाहीं, तिची जातच बदलून टाकली.

हें सर्व चाललें असतां एक वृद्ध नावाडी वडाच्या पारावर बसून पाहत होते. पूर्वीं पुरांत काहिलींतून त्यांनीं माणसें उतरविलीं आहेत. उसाचा रस शिजविण्याची ती मोठी लोखंडी कढई पुराच्या पाण्यावर घालून नेत, हें तुमच्यापैकीं पुष्कळांनीं घरीं ऐकलें असेल. आमची नाव त्यांस पखालीसारखी वाटली. दोन दिवस ते कांहीं बोलले नाहींत. पोतीं उतरवून आम्ही घाम पुसतों आहों तों ते जवळ आले आणि म्हणाले, "मास्तर, नाव तरंगतीया का न्हाई ह्ये काय बघतासा? माघारी येतीया का त्ये बघा."

मित्रहो, दोन दिवसांच्या गणितांत जें मला दिसलें नव्हतें तें या एका वाक्यानें दिसलें. चार माणसें घेऊन या नावेचा वेग संथ पाण्यांत सेकंदास २.४ मीटर. ऑक्टोबरांत नदी ०.७ नें वाहत होती, म्हणून नाव १.७ नें वर आली. महापुरांत मुख्य धारेस सेकंदास दोन-तीन मीटर ओढ असणें मुळींच दुर्मिळ नाहीं. ओढ २.४ झाली कीं ही नाव इंजिन पूर्ण चालवूनही एका जागीं उभी राहील. त्याहून अधिक झाली तर पुढें तोंड करून मागें जाईल. ती बुडणार नाहीं, उलटणारही नाहीं; पण ज्या छपरावरून माणसें घेतलीं तेथें परत येणार नाहीं. एकटा चालक मात्र सहा मीटरांच्या वेगानें अशा धारेंतूनही वर जाईल. म्हणजे रिकामी नाव जेथें सहज जाते तेथूनच भरलेली नाव परत येऊं शकत नाहीं, आणि ही गोष्ट माणसें चढल्यावर कळते! यापेक्षां दुष्ट सांपळा कोणता? बरें, इंजिन बंद पडलें तर? आमचे ते चाळीस सेकंद आठवा. अडीच मीटरांच्या धारेंत चाळीस सेकंदांत नाव शंभर मीटर खालीं जाते. आणि त्या शंभर मीटरांत विजेच्या तारा आहेत, झाडें आहेत, पूल आहे.

नदी आडवी ओलांडावयाची तर काय, हें मुलांनीं वाळूंतच काढून पाहिलें. ओढ १.५ आणि नावेचा वेग २.४ धरा. नाक समोरच्या कांठाकडे सरळ ठेवलें तर दोनशें मीटरांचें पात्र ८३ सेकंदांत ओलांडतें, परंतु तेवढ्यांत नाव १२५ मीटर खालीं जाते. समोरच उतरावयाचें असेल तर नाक प्रवाहाकडे वळवून ठेवावें. २.४ हा कर्ण, १.५ ही कोनासमोरची बाजू. कोन ३९ अंश येतो, आणि उरलेली बाजू १.८७. मग १०७ सेकंद लागतात. चोवीस सेकंद अधिक, पण ठरल्या ठिकाणीं. त्या वृद्ध नावाड्यास आम्हीं ३९ अंश दाखविले तेव्हां त्यांनीं आपला पंजा आडवा धरून नदीकडे किंचित् वळविला. कोनमापक लावून पाहिला नाहीं, पण चूक फार नसावी.

आतां मूळ प्रश्न : किती बसवावीं? पांच हा आंकडा तळ्यावर सहलीस जाणाऱ्यांसाठीं आहे. पुरासाठीं प्रश्न वजनाचा नसून उरलेल्या वेगाचा आहे. माझें मत पडलें कीं, चालक धरून तिघे, आणि तेही गांवांत शिरलेल्या संथ पाण्यांत. मुख्य धारेंत एकटा चालकही नाहीं, तेथें मोठ्या नावा व शिकलेले जवान यांचेंच काम. यावर आमच्या माजी विद्यार्थ्यानें जो प्रश्न केला त्याचें उत्तर गणितांत नव्हतें. "सर, छपरावर सहा माणसें असतील आणि मी दोघांनाच घेऊं म्हणालों, तर उरलेलीं चार ऐकतील काय?"

बराच वेळ आम्ही दोघेही गप्प होतों. मग असें ठरलें कीं, आंकडा आधींच रंगवून ठेवावा आणि गांवच्या सभेंत कोरड्या दिवशीं वाचून दाखवावा. कारण पाणी चढल्यावर सांगितलेला नियम नावाड्याचा भित्रेपणा वाटतो, आणि आधीं सांगितलेला गांवाचा ठराव होतो. उरलेल्या चौघांस द्यावयास चार लाइफ जॅकेट व एक लांब दोर नावेंत नेहमीं ठेवावा, म्हणजे पुढची फेरी येईपर्यंत त्यांच्या हातीं कांहीं तरी असेल. तें त्यानें मान्य केलें. पूर्ण समाधान झालें असें त्याचा चेहरा सांगत नव्हता, आणि माझेंही झालेलें नाहीं.

एक परीक्षा राहिली आहे. पुराच्या पाण्यांत उसाचें पाचट, साड्या, दोर, तारा कांहींही पंख्यास गुंडाळतें, म्हणून पंख्याभोंवतीं पिंजरा बसवावा असें नावाड्याचें म्हणणें पडलें. पिंजऱ्यानें बुडालेल्या माणसाचे हातपायही वांचतील. पण पाण्याचा अडथळा वाढून वेग किती घटेल? २.४ पैकीं कांहीं दशांश गेले तर वरचें सर्व गणित पुन्हा मांडावें लागेल. गांवच्या लोहारानें पिंजरा करावयास घेतला आहे. खांब अजून नदीकांठीं रोवलेलेच आहेत. घड्याळ धरण्यास ज्या विद्यार्थ्यांस यावयाचें असेल त्यांनीं नाताळच्या सुट्टीपूर्वीं आपलीं नांवें माझ्याकडे द्यावीं, आणि येतांना पालकांची चिठ्ठी आणावी.